बाबांचे डोळे आणि ट्रकचे लाइट

कापसाने सगळ्यांची माती केली त्या वर्षांत आम्ही झेंडू लावून कसेबसे तगलो होतो. तो झेंडू बाजारात नेणारा आमचा ट्रक माझ्याहून वयाने मोठा. चालवायचे बाबाच. मलाही यायचा, पण ते किल्ली हातातून सोडतील तर शपथ.

एका दिवाळीच्या आधी अमरावतीला फुलं टाकून परतताना, बडनेऱ्याच्या पुढे, दिवेलागणीच्या वेळी ट्रक रस्ता सोडून नालीत उतरला. बाबांचं खरचटण्यावर निभावलं. "खड्ड्यात गाडी उसळली अन् दोन्ही लाइट गेले," ते म्हणाले. मी जाऊन बघतो तर लाइट लख्ख चालू. मग काय, भडकलोच. "लाइट नाई गेले बाबा, तुमचे डोये गेले." किल्ली काढून घेतली, अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला आणि ट्रकला गिऱ्हाईकही बघितलं. मग बाबा अंगणात खाटेवर बसून राहायचे, जेवायलाही हाक मारावी लागायची. मला वाईट वाटत होतं, पण माझा हेका मोठा.

गिऱ्हाइकाची अट होती, वायरिंग नवी पाहिजे. म्हणून मी ट्रक बाळापूरला मिस्त्रीचाचांकडे नेला. बाबा न बोलावता सोबत आले. चाचांनी डॅशबोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. पंपाची वायर, मंडपाची वायर, जोडावर जोड. "हे समदं काढा लागते, बेटा."

मी एकच बजावलं, रंगाला ओरखडा जाता कामा नये. दसऱ्याच्या आधी मोठ्या हौसेने मी केबिन केशरी रंगवून घेतली होती. पेंटरला पुढे उभा राहून सांगितलं होतं, एकही बोल्ट सोडू नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं, लाइट लागले. बाबा बाकड्यावरून उठले, समोर आले आणि केबिनच्या पत्र्यावर जोरात थाप मारली. दोन्ही लाइट गेले.

खड्ड्यात झालं होतं तसंच. तरी तणतणलो चाचांवरच. "सारी वायर नवी टाकली, मंग हे काहून?"

चाचा शांतपणे म्हणाले, "लाइटची अर्थिंग या पत्र्यालेच आहे. वायर उघड्या पत्र्याले टेकली पायजे. मधात तुया रंग आहे, हादरा बसला का सुटते अन् मंग आपसूक लागते. मी घासाले गेलो तं तू म्हनला, ओरखडा नको. आता घासू?"

"घासा," मी म्हणालो.

त्यांनी बोल्टखालचा केशरी रंग रुपयाएवढा घासून काढला, वायर पुन्हा आवळली. बाबांनी थाप मारली. लाइट चालू. आणखी दोन मारल्या. चालूच. मला इतकं हायसं वाटलं की बाजूच्या टायरवर बसलोच. बाबांचे डोळे शाबूत होते. ट्रक नालीत घातला होता माझ्या हौसेने.

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "चुकलं, बाबा. गिऱ्हाइकाले नाई म्हनून सांगतो. डॉक्टरचा नंबरही रद्द करतो."

बाबा केबिनमध्ये चढले, सीट पुढे ओढून घेतली.

"नंबर राहू दे," ते म्हणाले. "उद्या तुये डोये दाखवू. मी नेतो तुले."