किल्ली कायोंगो सरांच्या खिशात

ज्या यंत्राला तुम्हाला कधी हात लावू दिला नाही, त्याच्याच परीक्षेत तुम्ही नापास झालात, तर लाज कुणाला वाटायला हवी?

प्रॉस नाबुकीराला लाज वाटली नाही. ती चिडली. मसाका शहरातल्या तिच्या विद्यापीठात असेंब्ली या संगणकाच्या भाषेचं प्रॅक्टिकल म्हणजे कागदावरचा खेळ. प्रोसेसरशी त्याच्याच तुटक भाषेत बोलायचं, एकेक आज्ञा हाताने आकड्यांत बदलायची; पण ते आकडे जिथे टाकायचे ती सरावाची यंत्रं लोखंडी कपाटात, कुलपात. का, तर पोरं मोडतील. परीक्षेच्या दिवशीच ती बाहेर यायची, आणि निम्मा वर्ग आपटायचा. प्रॉस एकदा आपटली होती. आता पुन्हा नापास म्हणजे विद्यापीठातून नाव कमी.

तशीही ती एका जागी टिकणारी नव्हती. बसली की पाय हलायचा, पायाबरोबर बाक आणि बाकावरचे बाकीचेही. एका सकाळी उठली ती सरळ विभागप्रमुख कायोंगो सरांच्या खोलीत. रीतीप्रमाणे गुडघे टेकले. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, बागेतली केळी कशी आहेत, सगळं विचारलं. सरांनीही सावकाश सगळ्याची उत्तरं दिली. मग ती उठून उभी राहिली.

"आता कपाटाची किल्ली द्या, सर."

"गुडघे टेकून भांडायला आलीस होय?"

"गुडघे रीत म्हणून टेकले. भांडते उभ्यानेच."

सरांनी हसू मिशीत दाबलं. "एक यंत्र देतो. चौकातला सिग्नल करून दाखव. लाल, पिवळा, हिरवा, अशा चार फेऱ्या, मग सगळे दिवे बंद. शुक्रवारी बघतो. जमलं तर कपाट सगळ्यांना उघडं. यंत्र बिघडवलंस तर परीक्षेला बसायचं नाही."

"मसाकात सिग्नल पाळतं कोण, सर?"

"म्हणून तर म्हणतोय, यंत्राला तरी पाळायला लाव."

दिवे लागले. पण थांबेनात. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या, यंत्र आपलं मोटरसायकलवाल्यासारखं सुसाट. प्रोसेसरमधल्या सीएक्स नावाच्या एका खणात तिने फेऱ्यांचा आकडा ठेवला होता. प्रत्येक फेरीला त्यातून एक वजा होऊन शून्यावर सगळं थांबायला हवं होतं. तिने सगळं पुसून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. यंत्रच खराब दिलंय, ती मनाशी म्हणाली. खराब आहे म्हणावं, तर बिघडवलं कुणी म्हणतील?

गुरुवारी दुपारी ती वसतिगृहाच्या ओसरीत येरझाऱ्या घालत होती. शेगडीवर तिच्याच खोलीत राहणाऱ्या बिराचे घेवडे शिजत होते. प्रॉसने ते भांडं उतरवलं, स्वतःचा चहा उकळला, उभ्यानेच प्यायली, आणि पुन्हा येरझाऱ्या. बिरा नर्सिंगच्या वर्गातून आली.

"प्रॉस, माझं भांडं कुठंय?"

"ते काय, खाली."

"फरशीवर शिजतात का घेवडे? चहा कर ना बाई, नको कोण म्हणतंय. पण उतरवलेलं परत चढवायचं कुणी? तुझ्या आत्याने?"

प्रॉसने उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला आपला प्रोग्राम आठवला. दिवा थोडा वेळ टिकावा म्हणून तिने वेळ काढणारा वेगळा तुकडा लिहिला होता. तोही सीएक्समध्येच मोजत होता. फेऱ्यांचा आकडा फेकून द्यायचा आणि जाताना शून्य ठेवून जायचा. शून्यातून एक वजा केला की यंत्र उलटं वळून सगळ्यात मोठ्या आकड्यावर जातं. थांबणार कसं? यंत्र ठणठणीत होतं. चूक तिची होती, आणि ते तिला निखाऱ्यासारखं पोळलं.

माफी मागणं तिला येत नसे. भांडं चढवून, घेवडे मऊ होईपर्यंत ती शेगडीला वारा घालत बसली. बसली, हे विशेष.

शुक्रवारी चौथ्या फेरीनंतर दिवे विझले. सरांनी तिच्याकडे वळून विचारलं.

"कालपर्यंत थांबत नव्हते म्हणे. उपाय कुणी सांगितला?"

"बिराने."

"कुठल्या वर्गातली?"

"नर्सिंगची."

"नर्सिंगची मुलगी तुला असेंब्ली शिकवते?"

"नाही सर. शेगडी कशी वापरायची ते शिकवते." मग तिने दाखवलं: खण वापरण्याआधी त्यातला आकडा स्टॅकवर, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतल्या चळतीवर, उतरवून ठेवायचा, काम झालं की परत चढवायचा. दोन ओळी. त्या आळसाने गाळल्या होत्या, हेही तिने सांगून टाकलं.

सरांनी खिशातून किल्ली काढली.

प्रॉस पास झाली. त्या वर्षी वर्गातले बहुतेक पास झाले, आणि एकही यंत्र मोडलं नाही. पुढे सर बदलले आणि कपाटाला पुन्हा कुलूप आलं, तेव्हा नव्या सरांच्या दारात उभ्या राहिलेल्या पोरांच्या पुढे पाय हलवत कोण होतं, हे मी सांगायला नको.

तुमच्याही कॉलेजात असं एक कपाट असेलच. उद्या जा. रीतीने नमस्कार करा, घरच्यांची विचारपूस करा, आणि मग किल्ली मागा.