लडकूच्या गॅरेजमागचा बार

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून लडकू मुरबाडला आला तो वडापच्या, म्हणजे सीटवारी प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्यांच्या दुरुस्तीत हात काळे करायला. पुढं लग्न झालं आणि आसनगावजवळ हायवेला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. शेजारच्या पत्र्याखाली विठू डेंटर ठोकाठोक करायचा. लडकूनं इंजिन बघायचं, विठूनं पत्रा सरळ करायचा, आणि दिवसभर दोघांनी एकमेकांची टर उडवायची, असा त्यांचा संसार चालला होता.

पण दोन हजार चार साली लडकू ठाण्याला एअरबॅगचं ट्रेनिंग घेऊन आला आणि विठूला चिडवायला नवीनच विषय मिळाला. कारण एरवी चालू इंजिनात हात घालणारा हा गडी आता स्टिअरिंग उघडायच्या आधी बॅटरीची वायर काढायचा आणि चक्क बाजूला जाऊन बसायचा.

"आता कसली वाट बघतोस रे? मुहूर्त काढलास काय?" विठू ओरडायचा.

"बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या डब्यात करंट राहतो थोडा वेळ. तो उतरू दे."

"भ्यालास, सरळ सांग ना!"

"भ्यालोय," लडकू हसून म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

त्या दिवाळीनंतर वाशिंदच्या हर्षाली नर्सची गाडी टो होऊन आली. मुरबाड रस्त्याला म्हैस आडवी आली, तिला चुकवताना गाडी आंब्यावर आदळली होती. ड्रायव्हरची एअरबॅग फुटून लोंबत होती. हर्षालीच्या खांद्यावर सीटच्या पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता, बाकी ती ठणठणीत होती.

"पट्टा तेवढा राहू द्या," ती म्हणाली. "चांगला दिसतोय."

"नको ताई. एकदा ओढ घेतली की त्याचं काम संपलं. दिसायला चांगला आहे, पण पुढच्या वेळी धरेलच असं नाही. नवाच टाकू."

बाजूच्या सीटसमोरची एअरबॅग मात्र फुटली नव्हती. तिचा सांगाडा चेपला होता, म्हणून तीही बदलायची होती. लडकूनं नेहमीप्रमाणे बॅटरी सोडली, थांबला, मग पिवळ्या वायरींचा जोड सोडवून ती बाहेर काढली. उशीची बाजू अंगापासून लांब धरत तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि तोंड वर करून ठेवली. कधी फुटलीच तर उशी मोकळ्या हवेत उघडावी. पालथी ठेवली तर आख्खा डबाच वर उडायचा.

जेवून परत आला तर काय! विठू ती एअरबॅग मांडीवर घेऊन बसलेला. हातात वेल्डिंगचा होल्डर.

"पट्टी वाकलीय नुसती. दोन टाके मारतो, नवीन कशाला पायजे?"

पुढं होऊन लडकूनं आधी वेल्डिंगची मशीन बंद केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "विठू, ती जिवंत आहे. हळूच खाली ठेव. तोंड वर."

त्याचा चेहरा बघून विठूनं मुकाट्यानं ठेवली. पण बाहेर आल्यावर पुन्हा म्हणालाच, "एवढ्याशा उशीला घाबरतो राव!"

लडकूनं ठाण्याला ट्रेनिंग देणाऱ्या शाम सरांना फोन लावला. असली वस्तू भंगारात द्यायची नाही, आधी फोडावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. पण एकट्यानं करायचं नाही हेही ठाऊक होतं. सर म्हणाले, "हात लावू नकोस. रविवारी येतो."

रविवारी गॅरेजमागच्या कापणी झालेल्या शेतात ही गर्दी! लडकूची बायको सावळी सुद्धा पदर खोचून आलेली. सरांनी एअरबॅग तोंड वर करून जमिनीवर पक्की बसवली, भोवती जुन्या टायरींचा मनोरा बांधला आणि लांबलचक वायर ओढत बांधापर्यंत आणली. सगळ्यांना बांधामागं उभं केलं. विठू बोटं मोडत म्हणाला, "लवंगी फुटेल बघा."

सरांनी वायर बॅटरीला टेकवली.

धाड्‌! टायरींचा मनोरा जागचा उडाला आणि कलंडून पडला. पांढरा धूर उठला, शेतातले बगळे भर्रकन उडाले, आणि सावळीनं घाबरून शेजारचा हात गच्च धरला. तो विठूचा निघाला. सोडवून घ्यायचं भानही त्याला नव्हतं.

मग एकदम हशा पिकला. लोक धावत पुढं निघाले, तशी सरांनी हाक मारली, "थांबा! तापलेली आहे, निवू द्या!"

विठू बांधावरच बसला होता. स्वतःच्या मांडीवरून हात फिरवत म्हणाला, "लडकू, हितं होती रे ती."

"व्हय."

"मंग कानाखाली नाय का वाजवायची माझ्या?"

"वाजवली असती, पण तुझ्या मांडीवर ती होती ना!"

आता विठूही पोट धरून हसला.

नवे भाग बसले, गाडी तयार झाली. ट्रायलला लडकू गाडी काढू लागला तर विठू दार उघडून बाजूला येऊन बसला. त्यानं पट्टा ओढला, क्लिक असा आवाज येईपर्यंत खोचला, दोनदा हिसका देऊन पाहिला.

गाडी न्यायला येऊन मागं बसलेल्या हर्षालीला वाटलं, चला, निघालो. पण गाडी हलेना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

विठू मागं वळला आणि तिच्या खांद्याकडं बोट दाखवून दरडावत म्हणाला, "ताई, तुमचा पट्टा कोण लावणार?"