दंडाचा चहा

चार भाषांची माणसं एका खोलीत बसवली आणि मधे एक माइक ठेवला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर कोपऱ्यातल्या जुन्या कर्ण्यांवरच्या धुळीसारखे साचलेत. अधूनमधून झटकले नाहीत तर नव्या किश्श्याला जागाच उरायची नाही!

ही खोली सोलापुरात, शुक्रवार पेठेत. रिक्षावर कर्णा लावून गल्लोगल्ली जाहिरात फिरते ना, "या या या, सेल सेल सेल", ती आमच्याकडे रेकॉर्ड होते. एकच जाहिरात, चार भाषांत.

मराठी आवाज माझा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. तेलुगू आवाज पद्माचा. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे टॉवेल-चादरीचे माग. जाहिरातीखाली ढोलकी लावायचं कामही तिचंच. हिंदी आवाज सलीमभाईंचा, म्हणजे ते ज्याला हिंदी म्हणतात त्याचा. शहरात रिक्षाही तेच फिरवतात. आणि कन्नड आवाज मालकांचा, सिद्धराम अण्णांचा. अण्णा अक्कलकोटच्या पलीकडचे, पार सीमेवरच्या गावचे. कन्नड जाहिराती तिकडच्या खेड्यांत वाजतात आणि तिकडचा रिक्षावाला वेगळा आहे.

अण्णांची एकच इच्छा. एकदा तरी सोलापूर शहरात आपल्या आवाजात मराठी जाहिरात वाजावी!

"माइक माझी, कर्णा माझी, रिक्षा माझा," अण्णा तळमळून म्हणायचे, "आणि मीच मराठीत बोलायचं न्हाय? बाई, तुमीच सांगा की!"

मी काय सांगणार? तेवढ्या वाक्यात तीन चुका होत्या.

*

शेवटी मीच नियम काढला. शिकवायची खोड जात नाही. नियम असा, की जो तो-ती-ते मध्ये चुकेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. महिन्याभरात समोरच्या चहावाल्याने दुसरी शेगडी घेतली. तो अण्णांना येता-जाता नमस्कार करतो.

अण्णांना हा नियमच मुळात अन्याय वाटायचा. "आमच्या कन्नडात बघा. बाप्या असला तर तो. बाई असली तर ती. बाकी दुनिया सगळी ते. खलास! तुमच्यात भिंत ती का? तिचं लगीन करायचं हाय का?"

"नाही, पण..."

"आणि पंखा तो का? मिशा हायत का त्याला?"

मी म्हटलं, अण्णा, भाषेत असंच असतं, ऐकून ऐकून कळतं. तेवढ्यात पद्मा मान वर न करता म्हणाली, "बाई, पाल ती. ढेकूण तो. मग ढेकणाची बायको कोण?"

कुणाचीही चूक नसताना त्या दिवशी चहा मी पाजला.

*

अण्णांचं मराठी एकदा मात्र अगदी अचूक आलं. माझी भाची तिचं तान्हं बाळ घेऊन भेटायला आली होती. अण्णांनी त्याला हातात घेतलं आणि म्हणाले, "लई गोड हाय की ते! कसं बघतंय!"

कन्नडात तान्हं मूल 'ते' असतं आणि योगायोगाने मराठीतही असतं. मी टाळ्या वाजवल्या. अण्णा इतके खूश झाले, इतके खूश झाले, की लगेच म्हणाले, "काय नाव ठेवला हाय तिचा?"

चहा!

*

पद्माची गंमत निराळी. तिच्या तेलुगूत बाई आली काय आणि बस आली काय, क्रियापद एकच. 'वच्चिंदि.' त्यामुळे ती मराठीतही सासूबाईंबद्दल बोलायची ते असं: "सकाळी उठलं, अंघोळ केलं, माझ्यावर ओरडलं आणि देवळात गेलं."

एक गिऱ्हाईक बाकावर बसून हे ऐकत होतं. त्याने काळजीने विचारलं, "ताई, कुत्रं पाळलंय का?"

मी पद्माला म्हटलं, "अगं, तुमच्यात मानाचं काही रूप नाही का?"

"हाय की. ते वेगळं हाय."

"मग सासूबाईंना कुठलं लावतेस?"

पद्मा जरा विचारात पडली. "ते समोर आहेत का नाहीत, त्याच्यावर असतं बाई."

*

इंग्रजी शब्दांचे तर आमच्याकडे फार हाल होतात. पद्मा प्रत्येक शब्दाला मागून एक 'उ' लावते. माइकु, बस्सु, बँकु. सलीमभाई पुढून एक 'इ' लावतात. इस्टेशन, इस्पीकर. एका शाळेची जाहिरात आली तेव्हा दोघांनी मिळून 'स्कूल' या शब्दाला पुढून-मागून धरलं. एक म्हणे इस्कूल, दुसरी म्हणे स्कूलु. मधल्यामध्ये मी एकटी 'स्कूल, स्कूल' करत होते.

शाळेचे संचालक ऐकायला आले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाईंचं काढून टाका. ते ऐकून कुणी वळून बघणार नाही."

*

एकदा उत्तरेकडचे एक साहेब सरकारी सूचना रेकॉर्ड करून घ्यायला आले. सलीमभाईंची हिंदी ऐकून त्यांचं डोकंच दुखायला लागलं. त्यांच्या दक्खनी बोलीत तो-तीचा फारसा बाऊ नसतो. साहेबांनी सगळं थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढून शिकवणीच सुरू केली.

"देखिए, पहले यह बताइए। रिक्शा चलता है या चलती है?"

सलीमभाईंनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या रिक्षाकडे पाहिलं. प्रामाणिकपणे विचार केला.

"साब, पेट्रोल रह्या तो चलता। नै रह्या तो नै चलती।"

साहेबांनी सूचना लेखी वाटली म्हणे.

*

मग आला एअर फ्रायर. भांड्यांच्या दुकानदाराला त्याची जाहिरात हवी होती. मी माइकसमोर उभी राहिले आणि तोंडच उघडेना. एअर फ्रायर आला? आली? आलं?

अण्णा आनंदाने टुणकन उठले. "बाई अडकला! बाई अडकला!"

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "आला म्हणा." मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आली म्हणायचं! तुम्हाला काय कळतंय? तुम्ही कधी स्वयंपाकघरात पाऊल तरी टाकलंय का?" मग फोनवर त्यांचं जे जुंपलं ते एअर फ्रायरवरून तिच्या माहेरच्या मिक्सरपर्यंत गेलं. मी हळूच फोन ठेवला.

शेवटी मी क्रियापदच गाळलं. "एअर फ्रायर! सोलापुरात! आपल्या दारात! आजच!" ती जाहिरात इतकी चालली, की पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाइकं येऊन "आम्हालाबी तसलंच अर्धंअर्धं बोला" म्हणून सांगत होती. जन्मभर पोरांना पूर्ण वाक्यात उत्तरं लिहायला लावणारी मी!

*

सगळ्यांवर नजर ठेवणारी मी कधीतरी सापडणार, हे उघडच होतं. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिकडे बायकाही 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. शाळेत मी ते कधी तोंडातून येऊ दिलं नाही. पण स्टुडिओत एकदा आईचा फोन आला आणि मी बोलून गेले, "व्हय गं आई, मी संध्याकाळी येतो की. जेवायलाच येतो."

फोन ठेवून वळते, तर तिघंही माझ्याकडे बघत उभे! अण्णांनी खिडकी उघडली आणि रस्त्यावर ओरडले, "अरे, चहा पाठव! बाई चुकला!"

मी म्हटलं, "आईशी बोलताना नियम लागू नाही."

का कोण जाणे, ते तिघांनाही लगेच पटलं. त्यावरून आयांच्या गोष्टी निघाल्या. अण्णा म्हणाले, "माझा आई तर लई भोळा हाय. गावात आपला रिक्षा आला, त्यात माझा आवाज आला, की ताकाचा तांब्या घेऊन पळत येतो. म्हणतो, माझा सिद्धा आला. रिक्षावाला गप ताक पितो."

"तुम्ही समजावलं नाही?"

"किती वेळा! म्हटलं, अव्वा, आवाज डब्यात भरलेला असतो, मी तितं नसतो. तर म्हणतो कसा, आवाज हाय म्हणजे तू हायस की."

चहा आला. अण्णांच्या बोलण्यात चारपाच चुका झाल्या होत्या, पण कुणी मोजल्या नाहीत.

*

हीच अव्वा परवा चार दिवसांसाठी अण्णांकडे राहायला आली. आली त्याच दिवशी मी आणि पद्मा तिला घरी जाऊन भेटून आलो. सलीमभाईंनी तिला पाहिलेलं नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी अव्वा सकाळी एकटीच देवळात म्हणून निघाली, ती दुपार झाली तरी परत आली नाही.

घरातली माणसं चारी दिशांना गेली. पोलिसांत कळवून झालं. अण्णा घामाघूम होऊन स्टुडिओत आले आणि सरळ माइकसमोर उभे राहिले. मी म्हटलं, "कन्नडात बोला अण्णा. शहरात कन्नड समजणारे पुष्कळ आहेत आणि अव्वाला तर तेवढंच कळतं."

अण्णा म्हणाले, "नम्मव्वा..." म्हणजे आमची आई. तेवढा एक शब्द बोलून ते मागे सरले. पाणी प्यायले, परत उभे राहिले. "नम्मव्वा..." पुन्हा तेच. एवढा बारा गावं गाजवणारा आवाज, पण पुढे सरकेना.

"बाई, मी बोलू का?" पद्माने हळूच विचारलं.

"नगं," अण्णा म्हणाले. "मी मराठीत बोलतो. कन्नडात बोलायला गेलं की रडू येतंय. मराठीत तो का ती, हे बघता बघता रडू मागं राहतंय."

मी मशीन सुरू केलं.

"माझा आई हरवला हाय. लई उंच हाय. गोरा हाय. केस काळा, वेणी जाड. डोक्यावर दोन घागर घेऊन ताठ चालतो, हात लावत न्हाय. कुणाला दिसला तर सांगा हो. माझा आई हाय."

मी आणि पद्माने एकमेकींकडे पाहिलं. आम्ही भेटलो होतो ती अव्वा माझ्या खांद्यालाही लागत नव्हती आणि तिचं डोकं कापसासारखं पांढरं होतं. दुरुस्त करायला हवं होतं, पण अण्णांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटली नाही. तोवर सलीमभाई पेनड्राइव्ह घेऊन जिना उतरलेसुद्धा.

ते गेल्यावर पद्माने कपाळावर हात मारून घेतला. घाईघाईत, हाताच्या सवयीने, तिने आवाजाखाली सेलची ढोलकी लावली होती!

म्हणजे त्या दुपारी सोलापूरभर ढोलकीच्या ठेक्यावर वाजत होतं, "माझा आई हरवला हाय!" अण्णांचं मराठी शेवटी शहरात वाजलं. सलीमभाईंना फोन लावत राहिलो, पण कर्ण्यापुढे त्यांना रिंग कुठली ऐकू येणार? लोकांना खरं वर्णन कळावं म्हणून मी आणि पद्मा जवळपासच्या दुकानांत सांगून आलो. अण्णा फोन मांडीवर घेऊन बसून होते. चहावाला दोनदा विचारायला आला आणि तसाच परत गेला.

उन्हं उतरली तशी लांबून ढोलकी ऐकू आली. रिक्षा खाली थांबली. सलीमभाई धापा टाकत वर आले आणि दारातच मान खाली घालून उभे राहिले.

"माफ करो अण्णा। पूरा शहर फिऱ्या। वैसी उंची, काले बालांवाली कोई नै मिली। तुम मदत कू जो खाला भेजे ना, वो भी ढूंड ढूंड के थक गई बिचारी।"

अण्णांनी वर पाहिलं. "कुठली खाला?"

"अरे, वो बुड्ढी! देवल के पास हात करके रिक्षा रुकाई और पीछू बैठ गई। 'सिद्धा, सिद्धा' बोल री थी। मैं समझ्या, घर के हैं, पैचान के वास्ते भेजे। मैं टूटी-फूटी कन्नड में बोल्या, एक बाई गुमी है, ढूंडना है। फिर क्या! हर गल्ली में उतरती, एक-एक का मूं देखती! मेरे से जास्ती तो वो ढूंडी!"

अण्णा अनवाणीच जिना उतरले. आम्ही त्यांच्यामागे धावलो.

रिक्षात मागच्या सीटवर, कर्ण्याच्या बरोबर खाली, अव्वा बसली होती. मांडीवर प्रसादाचा पुडा होता. अण्णा तिच्यापुढे उभे राहिले.

अव्वाने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं. पदराने त्यांचा घाम पुसला. आणि जीव टांगणीला लागल्यासारखं, अगदी हळू आवाजात विचारलं,

"सिद्धा, आकि सिक्कळेन?"

सापडली का रे ती?