सहदेवकाकांचे तीन प्रश्न

आमच्या आंबेखोल गावातून कोणी मुंबईला निघालं की आधी तिकीट काढत नाही. आधी सहदेवकाकांना विचारतं, उतरायचं कुठे. तिकीट नंतर. कारण कुर्ला टर्मिनसला जाणारी गाडी धरायची की ठाण्याला उतरायचं, हेसुद्धा काकाच सांगणार.

काका भांडुपला डोंगराच्या बाजूच्या चाळीत राहायचे. आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर भांडुपच्याच एका रंगाच्या कंपनीत लागले. ही त्यांची नोकरी. काम मात्र चाळीस वर्षं एकच केलं, ते म्हणजे गावच्या माणसाला मुंबईत कोणाकडे टाकायचं ते ठरवणं. या कामाला कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कोणी काढूही शकलं नाही. सहा वर्षांपूर्वी खोली विकून ते सुगंधाकाकीला घेऊन गावी गेले, तेव्हा आम्हां मुंबईकरांना वाटलं, सुटलो. पण गावी त्यांना ओटा मिळाला आणि मोबाईलला रेंज. धंदा वाढला.

त्यांचे प्रश्न तीनच असत. काम कसला, किती दिवस, वांगडा कोण. म्हणजे काम काय, किती दिवस आणि सोबत कोण. उत्तरं ऐकून ते थोडा वेळ ओट्यासमोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघत आणि घर सांगत. इंटरव्ह्यू असेल तर अंधेरीला दशरथकडे, कारण दशरथ शर्टाला इस्त्री करून देई. नवराबायको भांडून निघाले असतील तर बोरिवलीला सुलक्षणाआत्याकडे, कारण आत्या स्वतःच इतकं बोलते की दुसऱ्याला भांडायला वेळ मिळत नाही. ज्यांना कोणीच ठेवून घेणार नाही, दारू पिणारे किंवा रात्रभर खोकणारे, ते काका भांडुपला असताना स्वतःकडे घेत. काकीला विचारून घेत का, हे विचारायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

लॉज हा शब्द आमच्या गावात हळू आवाजात बोलतात. एकदा एकजण लग्नाच्या खरेदीसाठी येऊन लॉजवर राहिला, तर त्याच्या सख्ख्या भावाने वर्षभर तोंड फिरवलं. मुंबईत आपली माणसं असताना लॉजवर उतरणं म्हणजे आपली माणसं मेली असं जाहीर करणं.

माझं घर मुलुंडला. पहिला मजला, दोन खोल्या. काकांच्या यादीत मी दवाखाने या खात्यात होते, कारण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि रिपोर्ट वाचता येतात. अकरा वर्षांत माझ्याकडे तीन मुतखडे, दोन हर्निया आणि एक कधीच न सापडलेला आजार राहून गेले. माझा नवरा सौरभ पाहुणे असले की ऑफिसात मन लावून काम करी. बढती मिळाली त्याला.

चार वर्षांपूर्वी जान्हवीची, माझ्या मुलीची, दहावीची परीक्षा होती. पेपरला आठ दिवस असताना काकांचा फोन आला, आणखी एक मुतखडा, सोबत दोघं. मी म्हटलं, "काका, यावेळी नको." ते म्हणाले, "बरां." आणि फोन ठेवला.

त्यानंतर माझ्याकडे कोणी आलं नाही. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं. गणपतीला गावी गेले तर काकांच्या ओट्यावर मला खुर्ची दिली. काका चांगलं बोलले, काकीने लाडू दिले, पण खुर्ची दिली. आपल्या माणसाला कोणी खुर्ची देत नाही, तो ओट्यावर बसतो. मी ती खुर्ची घेऊन बसले. चूक माझी नव्हती. म्हणून तर जास्त राग यायचा.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी लॅबमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. घाटकोपरच्या कुठल्याशा लॉजचा मॅनेजर, नाव चंद्रप्रकाश. म्हणाला, तुमचे काका-काकी आमच्या दोनशे चार नंबरच्या खोलीत उतरलेत, काल आले, रजिस्टरमध्ये मुंबईतली ओळखीची व्यक्ती म्हणून तुमचा नंबर दिलाय. मग म्हणाला, मॅडम, खोलीतून वास येतोय.

मी स्टुलावर बसले. हातातला ट्रे सहकाऱ्याने काढून घेतला. मॅनेजर पुढे म्हणाला, माशांचा, तीन गेस्टनी कंप्लेंट केली आहे.

रिक्षाने घाटकोपरला पोचेपर्यंत मी रडले आणि चिडले, दोन्ही आलटून पालटून. लॉज एका हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होता. दारावर लिफ्ट आहे असं लिहिलं होतं, आणि ती होतीही, फक्त चालत नव्हती. मी दोन जिने चढले. वास पहिल्या जिन्यापासून होता. खारे बांगडे आणि सुका जवळा. आमच्या गावचा माणूस मुंबईला कोणाकडे उतरायला निघाला की अशी एक पिशवी बांधतो, त्यात तांदूळ, कोकम, नारळ आणि सुकी मासळी. यांनीही बांधली होती. उतरायचं कोणाकडे नव्हतं, पण हाताला सवय होती.

सुगंधाकाकी पलंगावर होती, उजवा पाय दोन उशांवर. काका एसीखाली कानाला मफलर गुंडाळून बसले होते, कारण एसी बंद कसा करायचा ते त्यांना कळलं नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटत होता. मला बघून ते उठले आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची माझ्यापुढे सरकवली. मी बसले नाही. आधी एसी बंद केला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकीचा गुडघा बदलायचा होता. ऑपरेशन सोमवारी, त्याआधी तपासण्या, नंतर रोजचा व्यायाम, सगळे मिळून वीस दिवस. मुलगा देवेश बंगळुरूला, त्याला रजा सोमवारपासून. खोली त्यानेच मोबाईलवरून बुक केलेली. गावात सांगितलं होतं की देवेशकडे बंगळुरूला चाललोय. काल काकी हे दोन जिने कठडा धरून, बसत बसत चढली होती.

मी विचारलं, दशरथ होता, आत्या होती, अर्धी मुंबई होती, मग इथे का. तर काकांनी मला एकेक घर समजावून सांगितलं. दशरथची सून सातव्या महिन्यात आहे. आत्याकडे कमोड नाही, काकीला खाली बसता येत नाही. विक्रोळीवाल्यांनी नुकतीच मधली भिंत पाडली आहे. चुकीचं कारण एकही नव्हतं. दुसऱ्याला पाठवताना हा माणूस घरात काय आहे ते बघायचा, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा काय नाही ते बघत बसला. चाळीस वर्षं लोकांच्या घरी माणसं पाठवून त्याला एकच गोष्ट पक्की कळली होती, पाहुणा किती जड होतो.

"मग रजिस्टरात माझाच नंबर का लिहिलात?" मी विचारलं.

काकांनी मफलर सोडला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "तू येकटीन माका नको म्हटलंस," ते म्हणाले. "बाकी सगळे हो म्हणत आणि मग फोनवर भांडी आपटलेली आयकाक येत. काय झाला नि वेळ इली, तर तू खरां सांगशीत, म्हणून तुझो नंबर घातलंय."

चार वर्षं मला वाटत होतं की माझं नाव खोडलं गेलं. ते खोडलं नव्हतं, वेगळं काढून ठेवलं होतं. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. माझा संताप झाला.

"मी आठ दिवसांसाठी नको म्हटलं होतं, काका," मी म्हटलं. "तुम्ही ते जन्मभरासाठी धरलंत."

काकी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत होती, फार लक्ष देऊन. मग मी त्या खुर्चीवर बसले आणि विचारलं, "काम कसला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "गुडघो."

"किती दिवस?"

"वीस."

"वांगडा कोण?"

त्यांनी पलंगाकडे हात केला. "ही."

बघायला माड नव्हता, म्हणून मी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हटलं, "मुलुंड. पहिला मजला, कमोड आहे, हॉस्पिटलला रिक्षाने यायचं." त्यांनी विचारलं, जान्हवीची परीक्षा नाही ना. मी सांगितलं, आहे, कॉलेजात परीक्षा बारा महिने असते, होईल. ते म्हणाले, "बरां." तोच शब्द होता, पण डोळे पुसत म्हणाले आणि मफलरचा अखेर उपयोग झाला.

काकीला खाली न्यायला चंद्रप्रकाशने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि एक बाजू स्वतः धरली. काकांनी जाताना त्याला कोकमाचा पुडा दिला. त्याने आधी लांबूनच वास घेऊन पाहिला, मग घेतला.

मुलुंडला जान्हवीने चहा केला, दूध जास्त झालं होतं. सौरभ पाहुणे आलेत हे ऐकून ऑफिसात थांबणार होता, पण बांगडे आलेत हे ऐकून लवकर आला. काका हॉलमध्ये फोनवर आंबेखोलच्या कोणालातरी नालासोपाऱ्याचं घर सांगत होते.

आत काकी पाय लांब करून माझ्या पलंगावर बसली होती. मी सहज म्हटलं, काकी, गावाहून इथवर गाडीत इतके तास कोणाला वास आला नाही, मग लॉजवरच कसा सुटला.

काकीने चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "पिशयेक गाठ असली तर वास येत नाय," ती म्हणाली. "सोडली तर येता."

तिने बशी संपवली.

"चाळीस वर्सां आयल्यागेल्याक चाय केलंय," ती म्हणाली. "एकदा कोणीतरी माका आयती देवची, असा वाटलां." मग रिकामी बशी पुढे केली, आणि मी तिच्यात चहा ओतला.