न ऐकलेली हाक

आमचे अंपायर अर्धे बहिरे होते, आणि तरी लालबाग-परळच्या मैदानांवर त्यांच्याइतका भरवसा दुसऱ्या कुणावर नव्हता. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकदम खडखडतात तिथे, सव्वीस वर्षं काढलेला माणूस. डावा कान पार गेलेला, उजवा कामापुरता. स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही म्हणून बोलायचे जोरात. त्यांनी परळच्या मैदानात 'नोबॉल' पुकारला की लालबागला नळावर भांडणाऱ्या बायका दचकतात, असं आम्ही म्हणायचो. भोंगाकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे. संपात गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा हा एकच उरला, आणि तो रविवारी सकाळी नऊला वाजायचा.

आता कुणी विचारेल, विकेटमागे झेल गेला तर बॅटची कड लागल्याचा बारीक आवाज या माणसाला कसा कळायचा? नाहीच कळायचा. पण साचेखात्यात कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नाही, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. काका तीच विद्या मैदानावर वापरायचे. "कड लागली की बॅट्समन पहिल्यांदा स्वतःलाच शिवी घालतो," ते सांगायचे. "तोंडातून बाहेर नाही काढत, पण ओठांवर येते. शिवी दिसली की माझं बोट वर." एकदा दादरच्या संघातले एक सोवळे गृहस्थ असे मागे झेल देऊन उभे राहिले. चेहरा शांत. काकांनी नाबाद दिलं. चहाच्या वेळी त्या गृहस्थांनीच कबूल केलं की कड लागली होती. काका हात जोडून म्हणाले, "साहेब, दोन शिव्या शिकून घ्या हो, माझी पंचाईत होते."

निर्णय द्यायचे इंग्रजीत, समजूत घालायचे मराठीत आणि रागवायचे मालवणीत. मी त्यांच्या शेजारच्या चाळीतला, वडील त्यांच्याच खात्यात. मी वेगात टाकायचो म्हणून मला ते नावाने कधी हाक मारायचे नाहीत, 'फास्ट' म्हणायचे. त्यांचा एक स्वतःचा कायदा होता. षटकात डोक्याच्या उंचीचा एकच चेंडू. हेल्मेट तेव्हा टीव्हीवर दिसायचं, तेही मोठ्या खेळाडूंच्या डोक्यावर. आमच्याकडे उघडी डोकी आणि खाली काथ्याची मॅट, तिच्यावरून चेंडू उसळायचा तो नागासारखा. एक आपटला की काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "फास्ट, एक झाला." दुसरा टाकला की थेट मालवणीत, "रे मेल्या, डोक्यात घालतंस काय त्याच्या?" मी हसायचो. वीस वर्षांचा होतो, बॅट्समन घाबरलेला दिसला की मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. घरात वडील दिवसभर भिंतीला टेकून बसलेले, आई खाणावळीच्या पोळ्या लाटायची. अशात कळलं की एका बँकेचा माणूस रविवारची आमची मॅच बघायला येणार आहे, त्यांना वेगवान बॉलर हवा आहे. चेंडू टाकायचा आणि टेबलावर बसायचा पगार मिळायचा, अशा नोकऱ्या तेव्हा असत. वडील इतक्या महिन्यांनी त्या सकाळी दाढी करून मैदानावर आले.

समोर शीव कोळीवाड्याचा संघ होता. त्यांचा काशिनाथ, सगळे त्याला काशा म्हणत, माझ्याच वयाचा. पहाटे बंदरावर आईच्या टोपल्या उचलून नऊला मॅचला यायचा, अंगाला मासळीचा वास असायचा आणि तोंडावर कायम हसू. त्याने मला तीन चौकार मारले. बँकेचा माणूस खुर्चीत बसून बघत होता, आणि मी पेटलो. एक आपटला, तो काशाच्या कानाजवळून गेला. काका म्हणाले, "फास्ट, एक झाला." मी मागे वळलो आणि पुन्हा धावत निघालो.

अर्ध्या धावेवर मला दिसलं, काशाने एक हात बॅटवरून काढला आणि डोळ्याला लावला. तो ओरडला, "थांब, डोळ्यात गेलं!" आमची पोरं टाळ्या पिटत होती, आरडाओरडा चालू होता. काकांची नजर माझ्या पुढच्या पायावर होती, म्हणजे अंपायरची जिथे असायला हवी तिथेच. त्यांना काही ऐकू आलं नाही. मला आलं. स्पष्ट आलं. थांबलो असतो तर लय तुटली असती, आणि खुर्चीतला माणूस बघत होता. मी थांबलो नाही. चेंडू आपटून वर गेला आणि काशाच्या कानशिलावर बसला. तो आधी गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. काका त्याच्याकडे पळाले तेवढं मला आठवतं. काशा शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन्ही संघांची जाणती माणसं जमली. माझ्या टोकाला उभा असलेला त्यांचा दुसरा बॅट्समन म्हणाला, "तो काहीतरी ओरडला होता, काय ते कळलं नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला काही ऐकू नाही आलं." मग कुणीतरी बोललंच, "बहिऱ्या माणसाला अंपायर करता, मग दुसरं काय होणार!" काका पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोराला काही बोलू नका. तो पळत होता, त्याला कसं ऐकू येणार? थांबवायचं काम माझं होतं." मला तिथेच बोलायला हवं होतं. मी खांद्यावरचा तो हात तसाच राहू दिला.

बँकेने मला घेतलं. त्या चेंडूचा वेग त्यांच्या माणसाने पाहिला होता.

काकांना त्यानंतर कुणी अंपायर म्हणून बोलावलं नाही. संपात गिरणी गेली, या मॅचमध्ये मैदान गेलं. मग त्यांनी एकच ध्यास घेतला. मुंबईतल्या सापडेल त्या क्लबाला ते मोठ्या अक्षरांत पोस्टकार्डं लिहायचे. बॅट्समनने हात वर केला की बॉलरने जागीच थांबावं. डोक्यावरचा चेंडू षटकात एकच. आणि प्रत्येक अंपायरचे कान दर वर्षी डॉक्टरकडून तपासून घ्यावेत. शेवटची मागणी वाचून लोक हसायचे. उत्तर एकाचंही आलं नाही. मग ते टोप्या शिवायला लागले. मागाच्या जुन्या चामडी पट्ट्या जमवायच्या, आत चिंध्या भरायच्या, दाभणाने टाके घालायचे. टोपी कसली, डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखी दिसायची. पोरं तिला हंडी म्हणायची. काका पिशवीत अशा पाच-सहा हंड्या घेऊन मैदानोमैदानी फिरायचे आणि बॅट्समनच्या अक्षरशः पाया पडायचे, "घाल रे बाबा, एवढी एक वेळ घाल."

अशी दहा वर्षं गेली. मी बँकेत कायम झालो, लग्न झालं, दादरला राहायला गेलो. चाळीकडे जायचं टाळायचो. एका सकाळी आमचा बँकेचा संघ शिवाजी पार्कवर नेटमध्ये सराव करत होता आणि काका समोर आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, डोक्यावर स्वतःचीच हंडी. आमच्यातल्या एका नव्या बॉलरला ते म्हणत होते, "समोरच्याला ही घालू दे, मग टाक हवा तसा." तो पोरगा हसून बाकीच्यांना म्हणाला, "हाच तो बहिरा, याच्यामुळे माणूस मेला होता म्हणे." सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. काकांनी माझ्या चालीवरून मला ओळखलं असावं. "फास्ट का रे? बरा आहेस ना?" एवढं विचारून पिशवी सावरत ते पुढच्या नेटकडे गेले.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी त्यांच्या चाळीत गेलो. दुसरा मजला, दार उघडं, गॅलरीत शेजाऱ्यांची वर्दळ. काका जमिनीवर बसून चाचपत टाके घालत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. काका म्हणाले, "काय?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, डोळे बारीक केले, मग हताश होऊन मान हलवली. "ओठ दिसत नाहीत रे आता. माका आयकाक येना नाय. मोठ्यान सांग."

मग मी ओरडलो. "काशा 'थांब' म्हणाला, ते मला ऐकू आलं होतं, काका! मी थांबलो नाही!"

गॅलरीतला आवाज बंद झाला. शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ बारीक केला. काकांच्या हातातला दाभण तसाच राहिला.

"नोकरीसाठी?"

"हो."

"दहा वर्षं," ते म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "दहा वर्षं मी या कानाला शिव्या घालतोय." काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झोपेत हात वर करून ओरडतात हे. रोज. जा बाबा तू आता."

मी उठलो. म्हणालो, आणि तेही ओरडूनच म्हणावं लागलं, की आता थेट कोळीवाड्यात जातो आणि काशाच्या आईला सगळं सांगतो. तसे काका धडपडत उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "नाय! तिकडे जायचं नाही." मग त्यांनी सांगितलं. काशा गेल्यावर ते त्या माउलीच्या पाया पडायला गेले होते. तिने एकच विचारलं, माझा पोर काय ओरडला? "मला काय ऐकू आलं होतं? काही नाही. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगून टाकलं, 'आई' म्हणाला. उभ्या जन्मात खात्री नसताना दिलेला तेवढा एकच निर्णय. त्यावर ती बाई जगते आहे. तू जाणार आणि सांगणार, नाही, तो थांब म्हणत होता आणि मी थांबलो नाही? तुझं मन मोकळं होईल. तिचं काय होईल?"

काका माझं मनगट सोडून भिंतीच्या आधाराने गॅलरीत गेले आणि आपल्या जुन्या आवाजात, दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "कोणी कायेक आयकूक नाय! समजला?" मग ते आत येऊन मला म्हणाले, "तेव्हा स्वतःसाठी गप्प बसलास. आता तिच्यासाठी बस. आणि पुन्हा इथे येऊ नकोस. मला तुझा राग आलाय, आणि तो जाईल असं मला वाटत नाही."

ज्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना कळतं, त्या चाळीने हे पोटात ठेवलं. काशाची आई गेल्या वर्षी गेली, म्हणून आज मी हे लिहितो आहे. काकांकडे मी पुन्हा गेलो नाही. किती वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

त्या रविवारनंतर दोन वर्षांनी काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मात्र गेलो. चाळीच्या खाली माणसं जमली होती, मी मागे उभा होतो. इतक्यात काशाची आई आली, कोळीवाड्यातल्या दोघीतिघींना घेऊन. तिने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळे पुसले आणि गर्दीत बघताना तिची नजर माझ्यावर थांबली.

"तू तोच ना रं, बॉल टाकनारा?"

"हो, मावशी."

"या मानसानं मना माझे पोराचा शेवटचा बोल सांगला. दुसरा कोन आलाच नाय सांगाला." ती जवळ आली. "तू तं समोरच व्हतास. तुलापन आयकू आला असंल. आयच म्हनला ना तो?"

गॅलरीतले सगळे वरून बघत होते. त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"हो, मावशी," मी म्हणालो. "आईच म्हणाला."

तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काकांना उचलेपर्यंत सोडला नाही.