प्रभूनं क्षमा केली, यार!

गुडगावच्या आमच्या नव्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये नगरचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. मानेसरच्या एका कारखान्यात ते मॅनेजर होते. तिथल्या बिघडलेल्या मशीनमध्ये एका कामगाराची बोटं गेली, तेव्हा त्यांनी रिपोर्टात त्याचाच निष्काळजीपणा लिहिला होता. त्याची नोकरीही गेली. आता दर रविवारी उपासनेहून परतताना जिन्यात मला सांगत, "प्रभूनं क्षमा केली, यार! बिल्कुल मोकळं वाटतं."

"देवाचं काय जातंय क्षमा करायला?" मी एकदा म्हणालो. "त्याची कुठं बोटं तुटली?"

"त्याच्या हातांना खिळे ठोकले होते," ते हळूच म्हणाले आणि घरात गेले.

पुढच्या रविवारी मला गाडीत बसवून त्यांनी थेट त्या कामगाराची चहाची टपरी गाठली.

"गलती मशीन की थी. मैंने झूठ लिखा. माफ कर दो."

चहा गाळता गाळता त्यानं विचारलं, "साहब, लिखकर दोगे?"

मला वाटलं, आता हे गाडीकडे पळणार. पण त्यांनी बाकावर बसून सगळं लिहिलं, खाली सही केली. कामगारानं तो कागद कोर्टात नेला.

महिन्याभरात कंपनीनं ह्यांना काढून टाकलं. कंपनी उपासनेला जात नसावी.