माठाची मान

"सर, तुमच्या वर्गातून आठवडी बाजारासारखा आवाज येतो," प्राचार्य म्हणाले. "उद्या मी मागं येऊन बसतो. शिकणं दिसलं तर ठीक. नाही तर चर्चा बंद. फळा आणि वह्या."

नांदुऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवतो. बारावीला डेरिव्हेटिव्ह चाललं होतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एखादी गोष्ट या घडीला किती वेगानं बदलतेय, ते. फळ्यावर शिकवलं की पोरं सूत्र घोकायची आणि गेटाबाहेर विसरायची. म्हणून चर्चा सुरू केली. आवाज वाढला, त्यात सगळ्यात मोठा माझा, हे कबूल.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमचा माठ रिकामा करून वर्गातल्या टेबलावर आणला. तहानलेल्या सहकाऱ्यांच्या शिव्या खाऊनच आत शिरलो.

"दर वेळी एकच ग्लास ओतायचा. आतल्या पाण्याची उंची सारखीच वाढेल?"

"हाव. ग्लास सारखा, तं उंची बी सारखीच," प्रणाली म्हणाली.

"काहीही! माठाचं पोट पाह्य न," गोपाल. "तिथं पाणी पसरते. हळू चढीन."

वर्गात दोन तट पडले. गोपाल ओतायला, प्रणाली पट्टी बुडवून मापायला. पोटात पाणी खरंच रेंगाळलं. पट्टी नीट दिसावी म्हणून प्राचार्य पुढं येऊन टेबलाला टेकले.

प्रणाली थबकली. "म्हंजे सर, ग्लास तेवढाच, पण रुंद जागी वेग कमी, अन् अरुंद जागी जास्त?"

"हेच डेरिव्हेटिव्ह!" मी ओरडलो. "गोपाल, ओतत राहा!" आणि फळ्याकडे वळलो. मानेत पाणी कसं भरभर चढतं, ते दाखवायला ग्राफची रेघ झोकात वर नेली.

"सर, मान आली, मान!" मागून गलका. मला वाटलं, ग्राफची तारीफ.

वळून पाहिलं तर टेबलावरून धार थेट प्राचार्यांच्या बुटात. मी मनातल्या मनात वह्या वाटायला घेतल्या.

प्राचार्यांनी बुटाकडं पाहिलं, मग गोपालकडं. "अबे, मान आल्यावर ग्लास अर्धा करायचा न!"

"पण सर," प्रणाली म्हणाली, "मंग ग्लास सारखा कुठं राह्यला?"

"थांब वं पोरी, मले बोलू दे!"

"असं कसं सर!"

तेवढ्यात शेजारच्या वर्गाच्या मॅडम दारात आल्या. "सर, जरा आवाज कमी..." म्हणेपर्यंत आवाज कुणाचा ते दिसलं. आल्या पावली परत गेल्या.

चर्चा अजून चालू आहे. मानेत पाणी चढायला लागलं की मास्तरानं फळ्याकडं वळू नये, एवढं मात्र मीही शिकलो.